घटक ४ : ‘आपण आलात’पासून ‘आपण आलो’पर्यंत – निवासी उन्हाळी अभ्यासवर्गात रुळताना भाषा

घटक-रचना
४.० उद्दिष्टे
४.१ प्रास्ताविक
४.२ विषय-विवेचन
  ४.२.१ निवासी अभ्यासवर्गाची पार्श्वभूमी
  ४.२.२ पहिला दिवस : संपर्कापुरते बोलणे
  ४.२.३ संबोधने : ताई, काका, मावशी
  ४.२.४ भोजनगृहातील शब्द
  ४.२.५ ‘मी काल आलो’
  ४.२.६ भाषिक समायोजन
  ४.२.७ ‘आम्ही’ आणि ‘आपण’
४.३ सारांश
४.४ पारिभाषिक संज्ञा
४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे
४.६ स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस –
• निवासी अभ्यासवर्गातील पहिल्या दिवसांच्या भाषाव्यवहाराचे स्वरूप सांगता येईल.
• संपर्कनिष्ठ भाषण, संबोधनव्यवस्था आणि भाषिक समायोजन या संकल्पना मराठी उदाहरणांसह स्पष्ट करता येतील.
• बोलीतील वेगळे रूप आणि भाषेतील चूक यांत फरक करता येईल.
• ‘आम्ही’ व ‘आपण’ या सर्वनामांच्या अर्थातील भेद विशद करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रमाणभाषा आणि बोली यांचा परस्परसंबंध आपण मागील घटकात पाहिला. तेथील विवेचन नकाशावर केलेले होते : अमुक प्रदेशात अमुक बोली, तिची अमुक वैशिष्ट्ये. या घटकात त्याच बोली एका छपराखाली आल्या म्हणजे काय घडते, ते पाहावयाचे आहे.

मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी बहुधा नोकरी, शेती, संसार सांभाळून घरी बसून अभ्यास करतो. क्वचित उन्हाळ्याच्या सुटीत त्याला एखाद्या निवासी अभ्यासवर्गास जाण्याचा योग येतो. पिशवीत चादर, तांब्या, दोन वह्या आणि घरच्यांनी दिलेला डबा घेऊन तो अनोळखी आवारात उतरतो. नोंदणीच्या टेबलापाशी त्याचे नाव यादीत शोधले जाते, खोली क्रमांक सांगितला जातो. आत तीन खाटा असतात. त्यांपैकी दोन आधीच कोणीतरी धरलेल्या असतात. पुढील काही दिवसांत त्याला या जागेत रुळावयाचे असते.

रुळणे म्हणजे जागेची, जेवणाची, वेळापत्रकाची सवय होणे, असे आपण सामान्यतः समजतो. परंतु रुळण्याचा मोठा भाग भाषेतून घडतो, किंवा भाषेपाशीच अडतो. प्रौढ विद्यार्थ्याला त्याची झळ अधिक लागते. गावी तो गुरुजी असतो, बँकेतील साहेब असतो, घरातील थोरली सून असते; येथे तो प्रथमच ‘कसे बोलावे’ या चिंतेत पडतो. ही चिंता म्हणजे बुद्धीची उणीव नव्हे, हे कळावयाचे तर तिच्यामागील भाषिक प्रक्रिया समजून घ्यावी लागते.

या घटकातील काही उदाहरणे प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत केलेल्या एका चार आठवड्यांच्या निवासी उन्हाळी वर्गातील आहेत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ निवासी अभ्यासवर्गाची पार्श्वभूमी

सुटीच्या काळात अध्यापक व विद्यार्थी यांनी एकत्र राहून भाषेचा अभ्यास करावा, ही कल्पना भाषाविज्ञानात चांगलीच रुजलेली आहे. अमेरिकेतील भाषाविज्ञान-संस्थेने १९२८ साली येल विद्यापीठात असा पहिला उन्हाळी वर्ग भरविला. भारतात या परंपरेचे महत्त्वाचे केंद्र पुणे हे होते. येरवड्याच्या बाजूस असलेल्या डेक्कन कॉलेजात १९५४ पासून रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने भाषाविज्ञानाचा एक प्रकल्प राबविण्यात आला. त्या वेळी सुमित्र मंगेश कत्रे हे तेथील संचालक होते. या प्रकल्पातून भरलेल्या वर्गांत भारतीय आणि अमेरिकी अभ्यासक एकत्र आले, आणि वर्णनात्मक भाषाविज्ञानाची पद्धती भारतातील अनेक तरुण अध्यापकांपर्यंत पोहोचली.

हे वर्ग निवासी असण्यामागे सोय हे एक कारण असतेच. पण भाषेच्या अभ्यासकाला निवासाचा आणखी एक लाभ होतो. माणूस वर्गात जपून बोलतो. नळावर, भोजनगृहात, रात्री गच्चीवर गादी टाकल्यावर तो सहज बोलतो. भाषेचा खरा पुरावा या सहज बोलण्यात असतो. म्हणून निवासी वर्ग हा भाषा शिकण्याचे जसे ठिकाण असतो, तसाच भाषा पाहण्याचेही असतो.

४.२.२ पहिला दिवस : संपर्कापुरते बोलणे

पहिल्या दिवशीची वाक्ये आठवून पाहा. “केव्हा आलात?” “गाडीला गर्दी होती का?” “तुमच्याकडे ऊन कसं आहे?” “जेवण झालं का?” या प्रश्नांतून विचारणाऱ्याला फारशी माहिती हवी असते, असे नाही. समोरच्याने “हो, झालं” एवढे म्हटले तरी त्याचे समाधान होते.

पोलिश वंशाचे मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात अशा बोलण्याकडे लक्ष वेधले. शब्दांच्या देवाणघेवाणीनेच ज्यात माणसे जोडली जातात, असा हा भाषाव्यवहार होय. पुढे रोमान याकोबसन यांनी भाषेच्या सहा कार्यांत संपर्क-कार्याचा स्वतंत्रपणे समावेश केला. मराठीत आपण याला संपर्कनिष्ठ भाषण म्हणू.

शिकलेल्या माणसांना हे बोलणे कधी कधी पोकळ वाटते. तसे ते नाही. दोन अनोळखी माणसे एका खोलीत असताना शांतता जड होते. “पंखा जरा वाढवू का?” या प्रश्नाने वारा किती वाढतो हे गौण, परंतु दुसऱ्याच्या इच्छेची येथे दखल घेतली जाते, हे त्यातून कळते. जो पहिल्याच संध्याकाळी असे चार प्रश्न विचारतो आणि चार उत्तरे देतो, त्याला दुसऱ्या दिवशी वर्गात शंका विचारणे सोपे जाते.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
पुढीलपैकी कोणती वाक्ये मुख्यत्वे संपर्कनिष्ठ आहेत ते सांगा.
(अ) नोंदणीचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा?
(आ) काय, फिरायला निघालात वाटतं?
(इ) आज फारच उकडतंय, नाही?

४.२.३ संबोधने : ताई, काका, मावशी

दुसरा प्रश्न संबोधनाचा असतो. खोलीतल्या माणसाला काय म्हणावयाचे? रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिल्मन यांनी १९६० साली युरोपीय भाषांतील द्वितीय पुरुषी सर्वनामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वनामाच्या निवडीमागे सत्ता आणि ऐक्यभाव अशी दोन तत्त्वे असतात, असे त्यांनी दाखविले. सत्तेचे नाते असेल तेथे वरचा खालच्याला एक सर्वनाम वापरतो आणि खालचा वरच्याला दुसरे. ऐक्यभाव असेल तेथे दोघेही एकच वापरतात.

मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आहेत, आणि त्यांच्या जोडीला नातेवाचक शब्द आहेत. आमच्या वर्गात पंचेचाळिशीच्या एक बाई होत्या. विशीतली मुले त्यांना पहिल्या दिवशी ‘काकू’ म्हणू लागली. तिसऱ्या दिवशी त्या शांतपणे म्हणाल्या, “घरी काकू आहेच मी. इथे तुमच्याबरोबर शिकायला आलेय. ताई म्हणा.” वयातील अंतर मान्य करूनही विद्यार्थी म्हणून एका पातळीवर येण्याची ही मागणी होती. प्रौढ विद्यार्थ्यांनी ती करण्यास संकोचू नये.

याउलट भोजनगृहात वाढणाऱ्या बाईंना आम्ही सारे ‘मावशी’ म्हणत असू. मावशी हे जवळिकीचे नाते. सख्ख्या मावशीला आपण ‘तू’ म्हणतो, म्हणून यांनाही ‘तू’. परंतु त्या मात्र वीस वर्षांच्या मुलालाही ‘तुम्ही’ म्हणत. नाते जवळचे, सर्वनाम मात्र एकाच बाजूने उतरणारे. शब्द ऐक्यभावाचा असला तरी व्यवहार सत्तेचा होता, हे त्या वेळी आमच्या ध्यानी आले नाही. संबोधनाचा अभ्यास करताना एकाने काय म्हटले एवढेच पाहून भागत नाही. दुसऱ्याने उलट काय म्हटले, तेही नोंदवावे लागते.

४.२.४ भोजनगृहातील शब्द

बोलीभेदाचा पहिला अनुभव बहुधा ताटावर येतो. पुणेकर जिला ‘पोळी’ म्हणतो, तिला कोल्हापूरकडचा माणूस ‘चपाती’ म्हणतो. त्याच्या लेखी ‘पोळी’ म्हणजे सणासुदीची पुरणाची. त्यामुळे “आज पोळी आहे” हे वाक्य ऐकून एकाच पंगतीत एकाचा चेहरा खुलतो आणि दुसऱ्याला त्यात विशेष काही वाटत नाही. विदर्भातील विद्यार्थी ‘बेसन’ मागतो, तेव्हा त्याला शिजवलेले पिठले हवे असते. वाढणाऱ्याला मात्र तो कोरडे पीठ मागतो आहे असे वाटते.

शब्दसंग्रहातील हे भेद सर्वांच्या लक्षात येतात, त्यांवर विनोद होतात, आणि ते लवकर पचतातही. याचे कारण असे की, वस्तूला दुसरे नाव असू शकते हे सामान्य माणसालाही मान्य असते. व्याकरणाचे तसे नाही. ‘माका’, ‘मले’ ही रूपे किंवा ‘जाऊन राहिला’, ‘करायलाय’ या रचना कानी पडल्या की ऐकणारा त्यांना दुसरे व्याकरण न मानता अशुद्ध व्याकरण मानतो. निवासी वर्गातील खरी अडचण येथे सुरू होते.

४.२.५ ‘मी काल आलो’

आमच्या वर्गात कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेल्या प्राथमिक शिक्षिका होत्या. वय पस्तिशीच्या आसपास. दोन मुलांना सासूबाईंकडे ठेवून आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या तासाला त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मी काल संध्याकाळी आलो.” वर्गात हशा पिकला. शिकवणाऱ्यांनी हसत हसत “आलो की आले?” असे विचारले. हशा पुन्हा पिकला. हसणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता.

त्या दिवसानंतर त्या वर्गात बोलल्या नाहीत. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या वहीत लिहीत, आणि ते बहुधा बरोबर असे. शेजारी बसत असल्यामुळे मला ते दिसत असे. पाचव्या दिवशी घरी अडचण आहे असे सांगून त्या निघून गेल्या. अडचण कोणती, हे आम्ही कोणी विचारले नाही. ज्या वर्गात बोली हा अभ्यासाचा विषय होता, त्याच वर्गात हे घडले.

आता या वाक्याचे वर्णन करू. कोल्हापूर भागातील अनेक स्त्रियांच्या बोलण्यात प्रथमपुरुषी एकवचनात ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ अशी रूपे सहज येतात. प्रमाण मराठीत या ठिकाणी लिंगभेद दाखविला जातो : पुरुष ‘मी आलो’, स्त्री ‘मी आले’. परंतु अनेकवचनात काय होते? स्त्रियांचा गट असो वा पुरुषांचा, प्रमाण मराठीतही ‘आम्ही आलो’ असेच म्हटले जाते. भविष्यकाळी ‘मी येईन’ हे रूपही दोघांना समान आहे. म्हणजे प्रथम पुरुषात लिंगभेद न दाखविणे ही गोष्ट प्रमाण मराठीच्या व्यवस्थेलाही परकी नाही. त्या शिक्षिकेच्या बोलीत ते एकवचनी भूतकाळातही घडते, एवढेच.

बोलणाऱ्या व्यक्तीच्या समाजात जे रूप नियमितपणे वापरले जाते, ते चूक नसते. तो तेथील नियम असतो. चूक म्हणजे स्वतःच्या भाषिक व्यवस्थेपासून झालेले स्खलन : जीभ अडखळणे, शब्द निसटणे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत प्रमाणभाषेचे रूप लिहावे, अशी अपेक्षा असू शकते, आणि ती शिकविणे हे अध्यापकाचे कामच आहे. पण “येथे असे लिहावे” हे सांगणे वेगळे आणि “तुम्हांला बोलता येत नाही” असे सुचविणे वेगळे. त्या दिवशीच्या हशाने दुसरी गोष्ट केली.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
‘मी आलो’ हे स्त्रीच्या तोंडचे रूप चूक का मानता येत नाही? प्रमाण मराठीतील दोन रूपांचा आधार घेऊन तीन-चार वाक्यांत लिहा.

४.२.६ भाषिक समायोजन

एकत्र राहणारी माणसे हळूहळू एकमेकांच्या बोलण्याशी जुळवून घेतात. हॉवर्ड जाइल्स या समाजमानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात या प्रक्रियेचा सिद्धान्त मांडला. समोरच्याशी जवळीक हवी असेल तर बोलणारा आपले उच्चार, शब्द, गती त्याच्या जवळ नेतो. हे अभिसारी समायोजन होय. वेगळेपण ठसवावयाचे असेल तर तो आपली रूपे अधिक ठळक करतो. हे अपसारी समायोजन होय.

आमच्या खोलीत अकोल्याकडील एक बँक कर्मचारी होते. पहिले दोन दिवस ते कटाक्षाने पुस्तकी मराठी बोलले. तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांच्या ‘मले’ची नक्कल केली. त्यानंतर ते वर्गाबाहेर प्रत्येक वाक्य वऱ्हाडीत बोलू लागले. ‘काळा’ऐवजी ‘काया’, ‘डोळा’ऐवजी ‘डोया’, तेही जरा आवाज चढवून. शिक्षिकेने मौन पत्करले, यांनी बोली ठळक केली. दुखावण्याचे कारण एकच होते. उत्तरे दोन झाली.

त्यानंतरच्या आठवड्यात चित्र बदलले. पाण्याची वेळ सकाळी एकच तास असे. बादल्यांची रांग लावणे, एकमेकांचा नंबर धरणे यातून माणसे जवळ आली. पुण्याकडची मुले ‘बेसन’ म्हणू लागली, वऱ्हाडी गृहस्थ गणिताच्या मुलाला ‘अरे’ म्हणू लागले, आणि ‘मले’चे कोणाला काही वाटेनासे झाले. कोणी आपली बोली टाकली नाही. ऐकणाऱ्यांचे कान मात्र रुंदावले.

असे जुळवून घेणे पिढ्यान्‌पिढ्या चालले तर भाषेच्या रचनेवरही परिणाम होतो. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावातील मराठी, कन्नड व उर्दू यांचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. शेकडो वर्षांच्या सहवासाने या तीन भाषांची वाक्यरचना तेथे विलक्षण सारखी झालेली आढळली. शब्द मात्र प्रत्येक भाषेने आपापले राखले होते. व्यवहार सोपा व्हावा यासाठी माणसे रचनेत जवळ आली आणि आपण कोण आहोत हे शब्दांतून जपत राहिली. एकत्र राहण्यासाठी एकसारखे व्हावेच लागते असे नाही, याचे हे मराठी मुलखातीलच प्रमाण आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न ३
अभिसारी आणि अपसारी समायोजनाचे प्रत्येकी एक उदाहरण आपल्या अनुभवातून द्या.

४.२.७ ‘आम्ही’ आणि ‘आपण’

रुळल्याची भाषिक खूण कोणती? मराठीपुरते त्याचे एक नेमके उत्तर देता येते. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही उद्या सहलीला जाणार’ यात ऐकणारा धरलेला नाही. ‘आपण उद्या सहलीला जाऊ’ यात तो धरलेला आहे. पहिल्यास श्रोतावर्जक आणि दुसऱ्यास श्रोतृसमावेशक म्हणतात. गुजरातीत ‘अमे’ व ‘आपणे’, तेलुगूत ‘मेमु’ व ‘मनमु’ असा भेद आहे. प्रमाण हिंदीतील ‘हम’ मात्र दोन्ही अर्थी चालतो. मराठी-गुजरातीतील या भेदाचा संबंध अनेक अभ्यासक द्राविडी भाषांच्या संपर्काशी जोडतात.

‘आपण’ या शब्दाचा आणखी एक उपयोग आहे. तो द्वितीय पुरुषी आदरार्थीही येतो. नोंदणीच्या टेबलावर पहिल्या दिवशी विचारले जाते, “आपण कोठून आलात?” येथील ‘आपण’ अंतर राखतो. दोन-तीन आठवड्यांनी तीच माणसे आठवण काढतात, “आपण आलो त्या दिवशी किती ऊन होते!” सर्वनाम तेच, क्रियापदाचा प्रत्यय तेवढा बदललेला. ‘आलात’चा ‘आलो’ होणे, म्हणजेच आदराचे अंतर संपून समोरचा आपल्या बहुवचनात येणे. हा बदल कोणी ठरवून करीत नाही. पण तो कोणत्या दिवशी झाला, हे लक्ष देणाऱ्याला टिपता येते.

आमच्या वर्गाच्या समारोपाला सर्वांनी भाषणे केली, आणि प्रत्येकाच्या भाषणात ‘आपण सारे’ हे शब्द आले. त्या ‘आपण’मध्ये मोजून एक माणूस कमी होता. पहिल्या आठवड्यात ज्यांनी “मी आलो” म्हटले होते, त्यांच्यापर्यंत “आपण आलो” पोहोचले नाही. समावेशक सर्वनाम भाषेत असणे ही भाषेची देणगी आहे. त्यात कोणाला घ्यावयाचे, हे मात्र बोलणारे ठरवतात.

म्हणून निवासी वर्गास जाताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आपल्या बोलीतील रूप तोंडून गेले तर थांबू नये. वाक्य पूर्ण करावे. आणि दुसऱ्याच्या रूपाने हसू आले तर त्याला विचारावे, “तुमच्याकडे हे कसं म्हणतात? आणखी सांगा.” हशा जेथे संवाद तोडतो, तेथेच हा प्रश्न तो सुरू करतो, आणि अभ्यासकाला साधनसामग्रीही मिळते.

स्वयं-अध्ययन प्रश्न ४
पुढील वाक्यांतील ‘आपण’चा अर्थ ओळखा.
(अ) आपण केव्हा निघालात?
(आ) चला, आपण पाणी भरून घेऊ.
(इ) आपण म्हणतो एक आणि होते दुसरेच.

४.३ सारांश

निवासी अभ्यासवर्गात रुळणे ही मोठ्या प्रमाणावर भाषिक प्रक्रिया असते. पहिल्या दिवशी संपर्कनिष्ठ भाषणाने दार उघडते. संबोधनांतून सत्ता व ऐक्यभाव यांची नाती ठरतात. ती पाहताना दोन्ही बाजूंचे बोलणे विचारात घ्यावे लागते. शब्दसंग्रहातील भेद सहज स्वीकारले जातात, व्याकरणातील भेद मात्र चूक समजले जातात. या गैरसमजामुळे प्रौढ विद्यार्थी मौन पत्करतो किंवा दूर जातो. सहवासाने समायोजन घडते आणि त्यासाठी स्वतःची बोली सोडावी लागत नाही. ‘आपण आलात’चे ‘आपण आलो’ होणे ही मराठीत रुळल्याची खूण मानता येते.

४.४ पारिभाषिक संज्ञा

संपर्कनिष्ठ भाषण : माहितीपेक्षा संबंध जोडण्यासाठी व टिकविण्यासाठी केलेले बोलणे.
ऐक्यभाव : बोलणाऱ्या दोघांतील समान पातळीवरील जवळीक.
अभिसारी समायोजन : श्रोत्याच्या बोलण्याशी जुळवून घेणे.
अपसारी समायोजन : श्रोत्यापासूनचे वेगळेपण बोलण्यातून ठळक करणे.
श्रोतृसमावेशक सर्वनाम : ऐकणाऱ्यासह ‘आम्ही’ असा अर्थ दर्शविणारे सर्वनाम, मराठीत ‘आपण’.
श्रोतावर्जक सर्वनाम : ऐकणाऱ्यास वगळणारे सर्वनाम, मराठीत ‘आम्ही’.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. (आ) व (इ). (अ)मध्ये प्रत्यक्ष माहिती हवी आहे.
२. हे रूप त्या भाषक-समाजात नियमितपणे वापरले जाते, म्हणून तो तेथील नियम आहे. प्रमाण मराठीतही ‘आम्ही आलो’ आणि ‘मी येईन’ या रूपांत लिंगभेद दाखविला जात नाही.
३. उत्तर अनुभवानुसार भिन्न असेल. बोलणारा श्रोत्याच्या जवळ गेला की दूर, हे उदाहरणातून स्पष्ट व्हावे.
४. (अ) द्वितीय पुरुषी आदरार्थी, (आ) श्रोतृसमावेशक, (इ) कोणीही माणूस, या सामान्य अर्थी.

४.६ स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

१. ‘संबोधन आणि सत्ता’ या विषयावर आपल्या कार्यालयातील वा गावातील उदाहरणांच्या आधारे ३०० शब्दांत टिपण लिहा.
२. आपल्या घरच्या बोलीतील पाच व्याकरणिक रूपे निवडा. त्यांची प्रमाण मराठीतील रूपे समोर लिहून प्रत्येकाचा नियम आपल्या शब्दांत मांडा.
३. क्षेत्रीय कार्य : पुढील संपर्कसत्रात वा निवासी वर्गात पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी अर्धा अर्धा तास कानावर पडलेले ‘आम्ही’ व ‘आपण’ यांचे वापर नोंदवा. बोलणाऱ्यांची नावे लिहू नयेत. नोंदींखाली आणखी एका प्रश्नाचे उत्तर लिहा : दोन्ही दिवस या वर्गात कोण बोलले नाही?